विज्ञान प्रदर्शन भरवणाऱ्या शिक्षकांना मदत कशी करावी

तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शन पाहायला आलेल्या माणसाला मंडप दिसतो, फीत कापणारे पाहुणे दिसतात आणि टेबलांवर मांडलेली उपकरणे दिसतात. हे सारे उभे करणारी माणसे मात्र सहसा दिसत नाहीत. पंचायत समितीचा शिक्षण विभाग आणि तालुक्यातील विज्ञान अध्यापकांचे मंडळ प्रदर्शन जाहीर करतात, एखादी शाळा यजमानपद स्वीकारते, आणि त्यानंतरचे बहुतेक काम त्या शाळेतील दोन-तीन विज्ञान शिक्षक, प्रयोगशाळा सहायक आणि शिपाई यांच्या अंगावर येते. त्यांचे रोजचे तास चालूच असतात, दहावीचा अभ्यासक्रम वेळेत संपवायचा असतो, आणि त्यातच साठ-सत्तर उपकरणांची नोंदणी, परीक्षकांची जुळवाजुळव, जेवण आणि प्रमाणपत्रे सांभाळायची असतात. आपण त्या शाळेचे माजी विद्यार्थी असाल, अभियंता असाल, महाविद्यालयात शिकवत असाल किंवा गावात विजेच्या सामानाचे दुकान चालवत असाल, तर या माणसांना खरोखर उपयोगी पडेल अशी मदत कशी करावी, यासाठी हा लेख आहे.

पहिली गोष्ट वेळेची. राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला येतो, कारण १९२८ साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध जाहीर झाला, आणि विज्ञानासाठी काही करावे अशी आठवणही अनेकांना त्याच सुमारास होते. तालुक्याची प्रदर्शने मात्र बहुधा डिसेंबर-जानेवारीत होऊन गेलेली असतात. म्हणून दिवाळीची सुट्टी संपताच यजमान शाळा कोणती हे विचारून घ्यावे, मुख्याध्यापकांना भेटावे आणि त्यांच्या संमतीने विज्ञान शिक्षकांशी बोलावे. या भेटीत ‘काही लागले तर सांगा’ एवढेच म्हणून निघू नये. कामाने दमलेल्या माणसाला त्या वाक्याचा उपयोग होत नाही, कारण काय सांगायचे हे ठरवण्याचे कामही त्याच्यावरच पडते. त्याऐवजी कामांची यादी एकत्र बसून करावी, त्यातले एक काम निवडावे आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्याकडे घ्यावे.

मला विचाराल तर पहिल्यांदा विजेचे काम घ्यावे. बहुतेक उपकरणांना वीज लागते आणि शाळेच्या खोल्यांमध्ये एक किंवा दोनच प्लग असतात, त्यामुळे एका एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा आणि दुसऱ्याला तिसरा जोडला जातो. सहा अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला सुमारे १,३८० वॅटपर्यंतच भार घेता येतो; पाणी तापवायचा १,५०० वॅटचा एक रॉड ती मर्यादा एकटाच ओलांडतो. काही वर्षांपूर्वी मी एका प्रदर्शनात परीक्षक असताना असाच एक रॉड सुरू झाला आणि खोलीतली वीज गेली. टाकीतील पाण्याची पातळी कळवणारे एका मुलाचे उपकरण आमच्यासमोर बंद पडले, आणि वेळ कमी असल्यामुळे आम्ही त्याला गुण देऊन पुढे गेलो. जेवणानंतर त्याच्या शिक्षकांनी आग्रह केला म्हणून आम्ही परत गेलो, तेव्हा ते उपकरण उत्तम चालत होते. सकाळीच गुणपत्रक तसे भरायला नको होते, याची खंत मला आजही वाटते.

हे टाळण्यासाठी नोंदणी अर्जातच ‘उपकरणाला किती वॅट लागतात’ असा रकाना ठेवायला सुचवावे. उत्तरे आली की तापणारी उपकरणे वेगळी काढून त्यांना पंधरा किंवा सोळा अँपिअरच्या स्वतंत्र लाइनवर एका खोलीत बसवावे. बाकीची बरीचशी बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर किंवा बॅटरीवर चालणारी असतात आणि त्यांचा भार फारच थोडा असतो. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि तात्पुरत्या जोडणीवर तीस मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारे उपकरण बसवून घ्यावे. दोन्ही दिवस तो वायरमन जागेवर हजर असावा, त्याची मजुरी आपण द्यावी. हार-तुऱ्यांवरच्या खर्चापेक्षा हा खर्च कितीतरी मोलाचा आहे.

दुसरे मोठे काम परीक्षणाचे. साठ उपकरणांना प्रत्येकी आठ मिनिटे दिली तर एका गटाला सलग आठ तास लागतात. इतका वेळ कुणाकडेच नसतो, म्हणून परीक्षण तीन मिनिटांवर येते आणि मुलाने दोन महिने केलेले काम रंगीत फलकावरून जोखले जाते. तीन गट केले तर प्रत्येकाकडे वीस उपकरणे येतात आणि पावणेतीन तासांत काम नीट होते; पण त्यासाठी सहा ते नऊ परीक्षक लागतात, आणि ते मिळवणे शिक्षकांना सर्वांत जड जाते. जवळच्या वरिष्ठ महाविद्यालयातून, अभियांत्रिकी किंवा कृषी महाविद्यालयातून, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून माणसे आणून देणे ही आपली मदत असू शकते. ज्यांचा कोणत्याही सहभागी शाळेशी संबंध नाही अशीच माणसे निवडावीत आणि दोघे-तिघे जास्तीचे ठरवून ठेवावेत, कारण ऐनवेळी कुणीतरी येत नाहीच.

परीक्षकांना सकाळी अर्धा तास एकत्र बसवावे. सर्वांनी आधी तीच दोन-तीन उपकरणे पाहून स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि मग ते ताडून पाहावेत. एकाचे सत्तर म्हणजे दुसऱ्याचे पन्नास असतील, तर ते निकालापूर्वी कळलेले बरे. विद्यार्थ्याची स्वतःची कल्पकता, वैज्ञानिक विचार, कारागिरी, उपयुक्तता, कमी खर्च आणि मांडणी यांचा विचार करायचा असतो, पण गडबडीत मांडणीच सगळ्यांवर मात करते. ‘पहिल्यांदा काय चुकले आणि ते कसे सुधारले?’ हा प्रश्न प्रत्येक मुलाला विचारला, तर ज्याने उपकरण स्वतः केले आहे तो मनापासून बोलू लागतो, आणि ज्याचे उपकरण बाजारातून किंवा वडिलांच्या हातून आले आहे तो गप्प होतो. प्रत्येक मुलासाठी दोन ओळींचा लेखी अभिप्राय मागून घ्यावा. तो लिहिण्यासाठी छापील चिठ्ठ्या आपण पुरवाव्यात.

सुरक्षिततेचे नियम आधीच कळवण्यात शिक्षकांना साथ द्यावी. १९५० साली फिलाडेल्फियात सुरू झालेल्या आणि आता आयसेफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय मेळाव्यात माणसांवर, पृष्ठवंशी प्राण्यांवर किंवा घातक सूक्ष्मजीवांवर प्रयोग करायचा असेल, तर तो सुरू करण्याआधीच परवानगी घ्यावी लागते, आणि मांडणीत जिवंत प्राणी किंवा रसायने ठेवता येत नाहीत. आपल्या तालुक्याला एवढी मोठी यंत्रणा शक्य नाही; पण आम्ल, स्पिरिट, बुरशी वाढवलेल्या बश्या आणि उघड्या लिथियम बॅटऱ्या आणू नयेत, त्यांच्या जागी छायाचित्रे आणि नोंदवही ठेवावी, असे एक पानी पत्रक तयार करून महिनाभर आधी सर्व शाळांना पाठवणे सहज शक्य आहे.

पैसे द्यायचेच असतील तर ते शाळेच्या नावाने द्यावेत, पावती घ्यावी, आणि बदल्यात मंचावरची खुर्ची मागू नये. चषकांना देणगीदार मिळतात, टेम्पोच्या भाड्याला मिळत नाहीत. वाडीवस्तीवरची शाळा दोन मुले आणि एक नाजूक उपकरण घेऊन एसटीने येते, तेव्हा वाटेतच काहीतरी मोडते. अशा चार-पाच शाळांसाठी एकत्र वाहन करून दिले, तर एरवी न येणारी मुले येतात. सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, चिकटपट्टी, वायरचे तुकडे आणि ती वापरू जाणणारा एक माणूस अशी दुरुस्तीची जागा प्रवेशद्वाराजवळ मांडावी. प्रदर्शन दोन दिवसांचे असेल, तर मुलींची मुक्कामाची खोली, पाणी आणि स्वच्छतागृह आदल्या दिवशी एखाद्या शिक्षिकेसोबत जाऊन पाहून यावे.

बक्षीस समारंभ संपला की गर्दी पांगते आणि शिक्षक खुर्च्या उचलत राहतात. त्या संध्याकाळी थांबावे. पुढच्या आठवड्यात परीक्षकांचे अभिप्राय शाळाशाळांना पोचवावेत आणि जिल्ह्याला निवड झालेल्या मुलांना त्यांचे उपकरण सुधारण्यासाठी कुणाची कार्यशाळा, लेथ किंवा थोडे मार्गदर्शन लागते का, ते विचारावे. शालेय मुलांच्या नव्या कल्पनांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला उपकरणासाठी १०,००० रुपये थेट खात्यात मिळतात, पण तालुका प्रदर्शनातील बहुतेक मुलांचा खर्च घरूनच झालेला असतो, हे ध्यानात ठेवावे. आणि खोल्यांचा नकाशा, विजेचा हिशेब, परीक्षकांची यादी, कोणत्या वस्तू कमी पडल्या त्याची नोंद, हे सारे एका फायलीत लावून यजमान शिक्षकांच्या हाती द्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी ज्या शाळेकडे यजमानपद जाईल तिथल्या शिक्षकांना ती फाईल पहिल्याच बैठकीत मिळेल.