पेन्शनवर आलेल्या गड्याकडे कधी आणि कसं जावं

गावात कुणी फौजी पेन्शनवर आला की पहिले दोन महिने त्याच्या मागे लागू नका. फेटा, मिरवणूक, सत्कार, पाहुणे यात गडी हवेत असतो. शिवाय वर्षाला ६० दिवसांची सुट्टी भोगायची सवय अंगात मुरलेली. त्यामुळे दोन महिने सगळं सुट्टीसारखंच वाटतं. एकसष्टाव्या दिवशी गाडी पकडायची नसते, तिथून खरी गंमत सुरू होते. तोवर अभिनंदनाचा फ्लेक्सही कुणीतरी उतरवून गोठ्यावर टाकलेला असतो. तेव्हा जा.

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत २८ वर्षं काढली, नायब सुभेदार म्हणून उतरलो. आता सातारा जिल्ह्यात आमच्या भागात पेन्शनवर आलेल्या फौजींची विचारपूस करत घरांतून फिरतो. फिरताना आधी चुकलो आणि मग शिकलो, ते लिहितोय.

जाताना हातात काम घेऊन जा. 'कसं वाटतंय?' असं विचारलंत तर उत्तर एकच, 'एकदम मजेत, साहेब.' फौजीला ख्यालीखुशाली विचारली की तो रिपोर्ट देतो. त्यापेक्षा म्हणा, 'डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक) काढ, कागद तपासू.'

शेजारच्या वाडीत एक हवालदार आला होता. सोप्यात त्याची काळी पत्र्याची पेटी, वर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, पलटण. तीन महिने कुलूप तसंच. वहिनी चहा ठेवता ठेवता हळूच म्हणाल्या, 'भावजी, पहाटे साडेचारला उठून दाढी करतात आणि पेटीवर बसून राहतात. हात लावू देत नाहीत.' मी पेटीचा विषयच काढला नाही. डिस्चार्ज बुक मागितलं. ते पेटीतच होतं. उघडावी लागली. वर इस्त्रीची वर्दी, तिच्याखाली कागद. बुकात वहिनींच्या नावाचं स्पेलिंग एक, आधार कार्डावर दुसरं. ते दुरुस्त करायचा अर्ज लिहिता लिहिता दोन तास गेले, आणि त्या दोन तासांत तो जे बोलला ते तिथंच ठेवलं. मी फक्त पेन धरून होतो.

तर कागद हे निमित्तही आहे आणि खरी गरजही. बायकोचं नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकसारखी हवी, नाहीतर उद्या फॅमिली पेन्शनला तीच बाई कचेऱ्या झिजवते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी आणि ओळखपत्र, ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड, स्पर्श या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलचं लॉगिन, दरवर्षी हयातीचा दाखला. एका बैठकीत सगळं संपवू नका, दुसऱ्या भेटीला कारण उरू द्या.

आता माझी चूक. पहिली काही वर्षं मी स्वतःच सगळीकडे जायचो. नाईक-हवालदार माझ्यासमोर सावधानमध्ये बसल्यासारखे बसायचे. जेसीओपुढे (नायब सुभेदार, सुभेदार यांच्यापुढे) कोण म्हणणार, झोप लागत नाही म्हणून? आता मी एकदाच जातो आणि मग त्याला बडी, म्हणजे जोडीदार, लावून देतो. पलटणीत प्रत्येकाला बडी असतो, गावातही असावा. बडी त्याच रँकच्या आसपासचा, दोन-तीन वर्षं आधी उतरलेला बघा. त्याला अजून आठवत असतं की तलाठ्याच्या दारात पहिल्यांदा ताटकळताना डोकं कसं फिरतं. त्याने दर रविवारी फोन करायचा. मेसेज नाही, फोन. आणि 'तुमचं काय, आम्ही सियाचीन ग्लेशियरला होतो तेव्हा...' हे तोंडातून काढायचं नाही. समोरचा गप्प झाला की झाला.

बाटली मध्ये ठेवून बसू नका. कँटीनचा कोटा आहे म्हणून रोज संध्याकाळ तीच, असं होत जातं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पहाटेची वेळ बरी. गावची पोरं भरतीसाठी १६०० मीटर पळत असतातच, त्यांच्याजवळ स्टॉपवॉच देऊन याला उभा करा. साडेचारला उठणाऱ्या माणसाला साडेपाचला कुणीतरी वाट बघणारं लागतं.

पैशाचं एवढंच: एकरकमी रक्कम आली की मेहुणे आणि एजंट दोघंही उगवतात. सहा महिने मुदत ठेवीत टाक आणि 'बायकोला विचारून सांगतो' एवढं म्हण, असं त्याला सांगा. नोकरीसाठी मेस्को हे माजी सैनिकांचं राज्य महामंडळ आहे, राज्य सरकारी भरतीत माजी सैनिकांचा कोटा आहे. पण पहिली मिळाली ती सिक्युरिटीची रात्रपाळी, असं करू नये हे माझं मत. रात्री एकट्याने गेटवर बसणं सगळ्यांना झेपत नाही.

बडीला एक गोष्ट मात्र नीट शिकवून ठेवा. माणूस अचानक आवराआवर करू लागला, आपल्या वस्तू वाटू लागला, 'माझं काही खरं नाही' म्हणू लागला, तर आडून विचारू नका. सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असेल तर निदान बोलला जातो. हो म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका. परवान्याची बंदूक घरात असेल तर ती पोलीस ठाण्यात जमा करायची सोय त्याच दिवशी करा. १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. सैन्यदलांसाठी त्यांचा एक कक्ष पुण्यात एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचार डॉक्टरांकडे चिठ्ठी मिळते. तिथे त्याच्याबरोबर जा आणि बाहेर बाकावर बसा. आत काय झालं ते विचारू नका, येताना गाडी थांबवून वडापाव खा.

वहिनींकडे तुमच्या घरच्या बाईला वेगळं पाठवा. वीस वर्षं दूध, शाळा, सोसायटीचं कर्ज, सासूचं दुखणं सगळं त्या बाईने एकटीने चालवलं. आता अचानक घरात रोज सकाळी फॉल इन (फौजेतल्यासारखी रांगेत हजेरी) होतं, किराण्याचा हिशेब मागितला जातो. तिला तुमचा आणि बडीचा नंबर देऊन ठेवा. बऱ्याचदा पहिला फोन तिचाच येतो, तोही रात्री. उचला.