एल-टू पपीस: खानदेशातून एका म्हाताऱ्या ताऱ्याचं मोजमाप

पपीस तारकासमूहातला एल-टू पपीस हा तांबडा राक्षसी तारा आपल्यापासून साधारण २०० प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्या जातीच्या ताऱ्यांमध्ये हा शेजारीच म्हणायचा, तरी नुसत्या डोळ्यांना तो सहसा सापडत नाही. जुन्या नोंदींत त्याची प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) २.६ ते ६.२ यांच्यामध्ये खालीवर होते. १९९४ च्या सुमारास मात्र त्याच्यापुढे त्याचीच धूळ आली आणि तो दोनहून जास्त प्रतींनी मंदावला. त्यामुळे १० बाय ५० चं बायनॉक्युलर आणि ते बसवायला तिवई हवीच. हातात धरून पुसट ताऱ्याची प्रत ठरवता येत नाही.

तारा खगोलविषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेच्या, दक्षिणेला ४४.६ अंशांवर आहे. जळगावचं अक्षांश २१, म्हणजे ९० मधून दोन्ही वजा केले की जास्तीत जास्त उंची २४ अंश. जानेवारीच्या मध्याला तो मध्यरात्री, फेब्रुवारीच्या मध्याला रात्री दहाच्या सुमारास आणि मार्चच्या मध्याला आठ-सव्वाआठला ऐन दक्षिणेला असतो. त्याच्या आगेमागे तासाभरातच काम उरका.

जागा निवडताना फक्त अंधार बघू नका, दक्षिण बघा. यावल-फैजपूरच्या शिवारात अंधार असला तरी दक्षिणेला जळगाव-भुसावळचा उजेड चढलेला असतो. पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नावाखातर जावंसं वाटतं, पण तिथे दक्षिणेला सातमाळ्याचे डोंगर उभे आहेत. त्यापेक्षा चाळीसगावचं मोकळं रान बरं. तोरणमाळच्या पठाराची दक्षिण कड सर्वात उत्तम, खालची धूळ आणि धूर बराचसा पायाशी राहतो. मैदानात पऱ्हाट्या पेटवल्या असतील त्या रात्री नोंद घेऊच नका.

आता शोध. व्याधाच्या खाली डावीकडे बृहल्लुब्धकाचा, म्हणजे व्याधाच्याच तारकासमूहाचा, त्रिकोण दिसतो. त्याच्या डाव्या टोकाच्या अलुद्रा ताऱ्यापासून आठेक अंश खाली, किंचित उजवीकडे नारिंगी पाय पपीस आहे, प्रत २.७, भोवती चार-पाच तारे विखुरलेले असतात. तिथून सरळ साडेसात अंश खाली या, म्हणजे बायनॉक्युलरमधून एका वेळी दिसतं त्याहून थोडं जास्त. खूण पटवायला सिग्मा पपीस घ्या, प्रत ३.२: एल-टू तिच्या उजवीकडे, जरा खाली, तीन अंशांवर. सर्वात भरवशाची खूण म्हणजे ४.९ प्रतीचा पांढरा एल-वन, एल-टूच्या बरोबर खाली अर्ध्या अंशावर. नवखे हमखास याच्यावरच थांबतात, कारण तो जास्त तेजस्वी असतो. त्याच्या वरचा तांबूस ठिपका आपला.

प्रत ठरवण्यासाठी अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स या संस्थेच्या संकेतस्थळावरून नकाशा काढा. त्यावर ६८ लिहिलं असेल तर ती ६.८ प्रत, दशांशचिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं, ते ठिपक्याला तारा समजू नये म्हणून. एल-टूपेक्षा थोडा तेजस्वी आणि थोडा मंद असे दोन तुलनातारे, म्हणजे नकाशावर प्रत दिलेले तारे, घ्या. समजा ते ६.४ आणि ७.४ आहेत आणि एल-टू त्या अंतरात तेजस्वीकडून चार-दशांश वाटेवर वाटतो, तर प्रत ६.८. तुलनातारे त्याच उंचीवरचे हवेत. २४ अंशांवर प्रकाश डोक्यावरच्या मानाने जवळजवळ अडीचपट हवेतून येतो, म्हणून उंचावरचा तारा घेतला तर एल-टू उगाच मंद ठरतो. तांबड्या ताऱ्याकडे टक लावली की तो डोळ्यात उजळत जातो. झटपट नजर टाका, काच किंचित अस्पष्ट करून ठिपक्यांच्या चकत्या करा आणि त्यांची तुलना करा.

वेळ आंतरराष्ट्रीय लिहायची: आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. रात्री साडेबाराची नोंद आदल्या तारखेला १९:०० अशी जाते, आणि इथेच तारखा चुकतात. बदलाचा काळ सुमारे १४० दिवसांचा, म्हणून आठवड्याला एक नोंद पुरे. रोज पाहिलं तर कालचा आकडा डोक्यात राहतो आणि आजचा त्याच्याकडे ओढला जातो.

आता गणित. हिपार्कोस उपग्रहाने मोजलेला पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किंचित सरकलेला दिसतो, त्यावरून काढलेला कोन) १५.६ सहस्रांश विकला, एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. १००० ला त्याने भागा, ६४ पार्सेक (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं). दिसणारी प्रत ७ धरली तर निरपेक्ष प्रत, म्हणजे तारा १० पार्सेकवर असता तर दिसली असती ती, येते ३. सूर्याची ४.८ आहे, म्हणजे हा सूर्याच्या जेमतेम पाच-सहा पट! इथे थांबलात तर फसलात. याचा पृष्ठभाग सुमारे ३५०० केल्विन, बहुतेक ऊर्जा अवरक्तात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांत, जाते, आणि दृश्य प्रकाशातलंही बरंचसं धूळ गिळते. अवरक्त धरून तेजस्विता सूर्याच्या सुमारे २००० पट भरते. तिचं वर्गमूळ ४५. त्याला ५७७२ भागिले ३५०० च्या वर्गाने, म्हणजे २.७ ने गुणा: त्रिज्या सूर्याच्या सुमारे १२० पट.

वस्तुमान मात्र या आकड्यांतून निघत नाही. त्यासाठी चिलीतल्या अल्मा दुर्बिणींनी ताऱ्याभोवतीच्या चकतीतल्या वायूचा वेग मोजला. ही चकती आपल्याला जवळपास कडेने दिसते, त्यामुळे वेग नीट हाती लागला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा सूर्याच्या ०.६६ पट आहे. सुरुवातीला हा साधारण सूर्याएवढाच असावा, उरलेलं वस्तुमान त्याने वाऱ्यावर सोडलं आहे.