केबल मोडेमचे आकडे कसे वाचायचे: सिग्नल, एरर आणि मुंबईचा पाऊस

नेट तुटतंय म्हटलं की घरातले, शेजारचे, कस्टमर केअरवाले सगळे एकच सांगतात, मोडेम बंद करून चालू करा. माझी विनंती आहे की आधी दहा मिनिटं थांबा. बंद केलंत की मोडेमने मोजून ठेवलेले सगळे एरर शून्यावर जातात, म्हणजे लाइन खराब असल्याचा जो पुरावा तुमच्या हातात होता तो तुम्हीच पुसून टाकता आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्या माणसाला दाखवायला काही उरत नाही. मी मुलुंडला राहते, बिल्डिंगमधली आणि नात्यातली धरून पंधरा-वीस घरांतले मोडेम मी असे तपासलेत आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी मी पोचायच्या आधी मोडेम चार वेळा रिस्टार्ट झालेला होता.

हे सगळं फक्त केबल मोडेमसाठी आहे, म्हणजे टीव्हीच्या केबलसारखी जाड गोल वायर आणि टोकाला आटे असलेली पिन, जी मोडेमला फिरवून लावतात. आता मुंबईत खूप घरांत फायबर आलंय, काही ठिकाणी जिन्यातल्या डब्यातून नुसती लॅन वायर घरात येते, त्यांचं गणित वेगळं असतं, हे आकडे तिथे लावू नका.

१. पान उघडा

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका, आकडे अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरचे. मध्ये तुमचा वेगळा राउटर असला तरी बहुतेक केबल मोडेम याच पत्त्यावर सापडतात. पासवर्ड मागितला तर मोडेमच्या खालच्या स्टिकरवर बघा. स्टेटस किंवा सिग्नल लिहिलेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. कंपनीने पान बंद ठेवलं असेल तर फोन करून हेच आकडे मागा, त्यांना ते त्यांच्या स्क्रीनवर दिसतात.

२. डाउनस्ट्रीम

डाउनस्ट्रीम म्हणजे कंपनीकडून मोडेमकडे येणारा सिग्नल, तो एकाच वायरीतून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या चॅनेलवरून येतो. त्याची पॉवर उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (सिग्नलची ताकद मोजायचं माप) आत हवी. डॉक्सिसच्या, म्हणजे केबल मोडेम ज्या मानकावर चालतात त्याच्या, नियमात उणे १५ ते अधिक १५ चालतं, पण त्या टोकावर चालणारी लाइन पहिल्या पावसातच रडते. शून्य दिसलं तर घाबरू नका, शून्य डीबीएमव्ही म्हणजे एक मिलिव्होल्ट, चांगला आकडा आहे तो. एसएनआर, म्हणजे नॉइजच्या (वायरीतल्या नको असलेल्या गोंगाटाच्या) तुलनेत सिग्नल किती वर आहे तो आकडा, २५६ क्वामच्या (डेटा सिग्नलवर चढवायची एक पद्धत) चॅनेलला ३३ डीबीच्या वर हवा, ३० च्या खाली गेला तर काहीतरी नक्की बिघडलंय.

पॉवर कमी दिसली की लोक लॅमिंग्टन रोडवरून टीव्हीचा बूस्टर आणून लावतात. अजिबात लावू नका. बूस्टर सिग्नलबरोबर नॉइजही तेवढाच वाढवतो त्यामुळे एसएनआर सुधारत नाहीच, आणि टीव्हीचे साधे बूस्टर एकाच दिशेने काम करतात, मोडेमकडून परत जाणारा सिग्नल ते अडवतात, म्हणजे अर्धंमुर्धं चालणारं नेटही बंद.

३. अपस्ट्रीम

अपस्ट्रीम म्हणजे मोडेमकडून कंपनीकडे परत जाणारा सिग्नल, आणि इथे उलटं वाचायचं. हा आकडा मोडेमला किती जोरात ओरडावं लागतंय त्याचा आहे, समोरून, म्हणजे कंपनीच्या टोकाकडून, त्याला सांगितलं जातं की ऐकू येत नाही, आवाज वाढव, आणि तो वाढवतो. ३५ ते ४९ डीबीएमव्ही ठीक, ५० च्या पुढे गेला की मोडेमचा घसा बसायच्या बेताला आलाय असं समजा. लोक ५१ बघून सिग्नल किती स्ट्राँग आहे म्हणून खूश होतात आणि तिथेच फसतात. त्याच मोडेमच्या लॉगमध्ये टी३ टाइमआउटच्या ओळी एकामागून एक दिसत असतील, म्हणजे मोडेमने हाक मारली आणि पलीकडून उत्तर आलं नाही, तर दोष परतीच्या वाटेवर आहे.

४. एरर, आणि इथे नीट वेळ द्या

पानावर दोन आकडे असतात, करेक्टेबल आणि अनकरेक्टेबल. केबलवरून डेटा छोट्या गठ्ठ्यांत येतो, त्यांना कोडवर्ड म्हणतात, आणि प्रत्येक गठ्ठ्यात चूक दुरुस्त करण्यापुरती थोडी जादा माहिती भरलेली असते. चूक लहान असली तर मोडेम स्वतःच दुरुस्त करतो, ते करेक्टेबल, ते कितीही दिसले तरी तुम्हाला नेटवर काही जाणवत नाही. चूक मोठी असली तर तो गठ्ठा फेकून द्यावा लागतो, ते अनकरेक्टेबल. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचं तोंड उघडं राहून जे थांबतं ते यामुळे.

आता माझी चूक सांगते. पहिल्यांदा पान उघडलं तेव्हा अनकरेक्टेबलसमोर १,८४,३०२ दिसले आणि मी कंपनीला फोन करून खूप बोलले, एक लाख चौऱ्याऐंशी हजार एरर आहेत तुमच्या लाइनवर म्हणून. माणूस आला, त्याने शांतपणे विचारलं, ताई मोडेम कधीपासून चालू आहे? तीन महिन्यांपासून. मध्ये एकदा लाइन पूर्ण गेली होती का? गेली होती, दोन दिवस. मग हे तेव्हाचे असतील, म्हणाला, थांबा अर्धा तास. अर्ध्या तासाने पुन्हा पान उघडलं तर आकडा तोच, १,८४,३०२, एकही वाढला नव्हता. तो बरोबर होता.

तेव्हापासून मी ठामपणे सांगते की एकट्या आकड्याला काही अर्थ नाही, दोन वेळच्या आकड्यांतला फरक बघायचा. एका चॅनेलवरून सेकंदाला हजारोंनी कोडवर्ड जातात, मोडेम चालू होताना चॅनेल पकडेपर्यंतच काही शे एरर पडून जातात, त्यामुळे नुसतं पाचशे किंवा पाच हजार बघून काही ठरवू नका. वेळ लिहा, आकडा लिहा, दहा मिनिटांनी परत लिहा. प्रत्येक चॅनेलचा वेगळा. हे कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे, तरी करा.

मी दुधाच्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचे. जुलैतल्या एका रात्रीची नोंद अजून आहे: १०.४० ला ४१२, १०.५० ला ४१८, मग पाऊस सुरू झाला आणि ११ ला ९,८६०. शेजारी अपस्ट्रीम लिहिलाय, आधी ४४, पावसात ५०.५. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन होतं, तासाभरात फरक शून्य. आणि कंपनीचा माणूस नेमका दुपारीच येतो, मीटर लावतो, सगळं ओके आहे म्हणून सही घेऊन जातो. तो खोटं बोलत नसतो, त्या वेळी लाइन खरंच ओके असते. म्हणून पाऊस चालू असताना लिहा, रात्री लिहा, जेव्हा तुटतं तेव्हा लिहा, आणि सगळं बरं चाललंय त्या वेळचा एक आकडाही लिहून ठेवा, तुलनेला लागतो.

फरक फक्त एका-दोन चॅनेलवर वाढत असेल आणि बाकीचे स्वच्छ असतील तर बाहेरून काहीतरी शिरतंय असा संशय घ्या, ८०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोबाइलचे टॉवरही बोलतात आणि ढिल्या पिनीतून ते केबलमध्ये घुसू शकतं. सगळ्या चॅनेलवर एकदम वाढत असेल तर वायर किंवा जोड.

५. जोड तपासा

घरातला स्प्लिटर आधी काढा. २०१२ च्या शेवटी मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले, त्याच्या आधी हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर अशा तीन टीव्हींना वायर वाटून दिलेली असायची आणि तो वाटणारा डबा कितीतरी घरांत माळ्यावर अजून तसाच आहे. दोन तोंडांचा स्प्लिटर साधारण साडेतीन डीबी खातो, चार तोंडांचा सात, आणि तीन डीबी म्हणजे सिग्नल निम्मा. तो हे दोन्ही दिशांना खातो, म्हणजे मोडेमलाही तेवढं जास्त ओरडावं लागतं. मोडेमबरोबर एक टीव्हीही त्याच वायरीवर असेल तर दोन तोंडांचा पुरे.

मग पिना. माझ्या घरी दोष खिडकीच्या ग्रिलबाहेरच्या जोडात निघाला. पिन फिरवून काढली तर आतून पाण्याचा थेंब माझ्या अंगठ्यावर पडला, मधली तांब्याची तार काळी पडलेली, कडेला हिरवी पेस्ट, आणि वरची जाळी बोटाने चोळली तर तिची पूड झाली. मधली तार नीट टेकत नसली की खालच्या फ्रिक्वेन्सी आधी मरतात आणि अपस्ट्रीम तिथेच असतो, म्हणून पावसात तोच आधी वर चढत होता.

नवी पिन कॉम्प्रेशनची, म्हणजे खास हत्याराने दाबून बसवलेली, लावून घ्या, हाताने पिळून बसवलेली नको, केबलवाला म्हणेल चालतं हो, तरी ऐकू नका. तांब्याची तार पिनीच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसायला हवी आणि जाळीचा एकही केस तिला टेकता कामा नये. हाताने घट्ट करा, मग ११ च्या पान्याने जेमतेम पाव फेरा, मोडेमच्या बाजूला पाना नकोच. आणि वायर खिडकीत शिरायच्या आधी बाहेर तिला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी झोळापाशी खाली गळून जाईल, आमची वायर भिंतीवरून सरळ उतरून खिडकीत येत होती आणि गच्चीवरचं सगळं पाणी तिच्यावरून थेट जोडात.

गच्चीवरचा किंवा जिन्यातला अँप्लिफायरचा डबा उघडू नका, आत वीज असते आणि तुमच्या एका बोटाने अख्ख्या विंगचं नेट जाईल. तो केबलवाल्यालाच उघडू दे.

६. तक्रार

नेट स्लो आहे असं सांगू नका, त्यावर रिस्टार्टच सांगतात. सांगा की पावसात अपस्ट्रीम ४४ वरून ५०.५ वर जातो आणि दहा मिनिटांत नऊ हजार अनकरेक्टेबल वाढतात, फोटो पाठवते. माझ्याकडे एवढं बोलल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वायर आणि पिना घेऊन माणूस आला.

काम झालं की तो निघायच्या आधी पान उघडा, अपस्ट्रीम बघा, माझा ४३ वर आला होता. एररचे आकडे वेळेसकट लिहा आणि पुढची जोराची सर आली की पुन्हा लिहा. फरक शून्याच्या आसपास असेल तर काम झालं, नसेल तर जोड आणखी वर कुठेतरी आहे, त्याच दिवशी परत फोन करा आणि सांगा की घरातली वायर बदलून झालीये, आता जिन्यातला टॅप, म्हणजे मुख्य केबलमधून घराघराची वायर जिथून फुटते तो डबा, उघडून बघा.