वर्षावनाची प्रतिकृती: कोणता लेमूर किती उंचीवर?

विज्ञान प्रदर्शनातली वर्षावनाची प्रतिकृती बहुतेक वेळा एकाच जागी फसते: प्राणी चुकीच्या उंचीवर चिकटवलेले असतात. इथली प्रतिकृती आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटाची आहे, आणि लेमूर म्हणजे तिथले, माकडांचे दूरचे नातलग असलेले प्राणी. रंगरंगोटी नंतर करा, आधी मजले आखा.

खोका द्राक्षांचा घ्या, तासगाव-पलूस भागात तो सहज मिळतो. उभा ठेवून आतली उंची मोजा, ४० सेंमी हवी. १ सेंमी म्हणजे १ मीटर धरा. मादागास्करच्या पूर्वेकडच्या वर्षावनात पानांचे छत साधारण २५ ते ३० मीटरवर असते. म्हणून मागच्या पुठ्ठ्यावर १५ आणि ३० सेंमीवर पेन्सिलीने रेघा मारा. खाली सावलीचा मजला, मध्ये छताचा, त्याच्याही वर डोकावणारी दोन-तीनच झाडे.

खोडांसाठी तुरकाठ्या उत्तम, फांद्या आयत्या मिळतात. दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर बंद खोक्यात बुरशी धरते. जमिनीवर बारीक कातरलेले उसाचे पाचट पसरा आणि वर निम्मे पाणी घातलेला फेविकॉल शिंपडा. पाने खरी लावू नका, तिसऱ्या दिवशी आकसतात. स्पंजचे तुकडे पोस्टर कलरमध्ये बुडवून वापरा. थर्माकोलवर स्प्रे पेंट मारला तर तो वितळून खड्डे पडतात. छत दाट करा: खऱ्या वर्षावनात जमिनीपर्यंत जेमतेम दोन टक्के उजेड पोचतो. वरून टॉर्च मारून पाहा, तळ अंधारा दिसला पाहिजे.

आता प्राणी, क्लेचे. ते मापात बसणार नाहीत. मुठीत मावेल एवढा छोटा माऊस लेमूर या प्रमाणात खसखशीच्या दाण्याएवढा होईल. त्यामुळे ‘झाडे प्रमाणात, प्राणी प्रमाणाबाहेर’ अशी चिठ्ठी लावून टाका.

इंद्री हा आजचा सर्वांत मोठा लेमूर. तो छताच्या मजल्यावर, पण आडव्या फांदीवर बसवू नका. उभ्या खोडाला मिठी मारलेला दाखवा, कारण तो खोडावरून खोडावर झेपावतो. शेपूट नावापुरतेच ठेवा. काळा-पांढरा रफ्ड लेमूर फळे खाताना मागच्या पायांनी उलटा लटकतो, त्याला सगळ्यात वर टांगा. आय-आय हाही लेमूरच, पण रात्रीचा प्राणी, दिवसाच्या देखाव्यात तो फांद्यांच्या बेचक्यातल्या काटक्यांच्या घरट्यात झोपलेला हवा. सोनेरी बांबू लेमूर खालच्या मजल्यावर, बांबूजवळ. त्या कोंबांत सायनाइड असते आणि तरी तो ते खातो. परीक्षक इथे हमखास थांबतात. पानशेपट्या पाल खोडाला चिकटवून डोके खाली करा. ब्रुकेशिया जातीचे इवलेसे सरडे आणि टेनरेक (काटेरी उंदरासारखा छोटा प्राणी) पाचटात. फोसा हा मांजरासारखा शिकारी प्राणी कुठेही चालेल, तो जमिनीवर फिरतो आणि लेमूरमागे झाडावरही चढतो.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे शेपटीवर काळे-पांढरे पट्टे असलेला लेमूर. खेळण्यांच्या दुकानात तोच मिळतो, पण त्याचे घर बेटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या भागात आहे. वर्षावनात तो नको. माकडे, वाघ, हत्तीही नकोत. मादागास्करात ते मूळचे नाहीतच.

वेळ असेल तर शेजारी दुसरा खोका कोयना-चांदोलीचा करा, आमच्या मते लोक त्याच्यापाशीच जास्त रेंगाळतात. इथे छत खाली उतरवा, घाटमाथ्याच्या वाऱ्याने झाडे बुटकी राहतात. शेकरू आणि त्याचे घरटे छतात. ते जमिनीवर क्वचितच उतरते. महाधनेशाची मादी ढोलीत, ढोलीचे तोंड लिंपलेले, फक्त चोचीपुरती फट. पिसोरी हे इवलेसे हरीण जमिनीवर पाल्यात दडलेले, गवा मोकळ्या कडेला. दोन्ही खोक्यांतले प्राणी मिसळू देऊ नका.

एसटीने नेणार असाल तर वरचे छत टाचण्यांवर सुटे ठेवा आणि पिशवीत वेगळे न्या. पहिला धक्का तिथेच बसतो.