क्लॅरिनेटवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचा

बँड बंद पडला की वाद्यं माळ्यावर जातात आणि वीस-पंचवीस वर्षांनी नातवंडं ती विकायला काढतात. माझ्याकडची पहिली क्लॅरिनेट अशीच कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका भंगारवाल्याकडून आली. बेलवर, म्हणजे खालच्या पसरट तोंडावर, 'हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट, लंडन' वाचलं आणि घासाघीस न करता पैसे दिले. घरी नीट बघतोय तर बेल तेवढी हॉक्सची, नळ्या दुसऱ्याच कुणाच्या! एकीची बेल तडकली की बँडवाले दुसरीची लावून वरातीला जातात. त्यांचं बरोबरच आहे, फसलो मी.

म्हणून जुनी क्लॅरिनेट घेताना आधी सांधे सोडवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा पिळताना वरच्या नळीच्या भोकांभोवतीची कडी दाबून धरा, नाहीतर दोन नळ्यांच्या चाव्या जोडणारा पूल वाकतो. कारखान्याचा नंबर बहुतेक मागच्या बाजूला असतो. दोन्ही नळ्यांवर असून जुळत नसेल तर ती दोन वाद्यांचे तुकडे जोडलेली क्लॅरिनेट समजा. मग मोबाइलची टॉर्च वरच्या नळीत घाला. भोकांच्या आसपास उजेडाची बारीक रेघ दिसली की लाकूड चिरलंय. अंगठ्यानं खसाखसा घासून गंधकाचा वास आला तर ते लाकूडच नव्हे, एबोनाइट, म्हणजे कडक रबर. उन्हात राहिलेलं एबोनाइट शेवाळी पडतं.

सहा कड्या नि सतरा चाव्या असल्या तर बोम, म्हणजे आज शिकवतात ती पद्धत. कड्या कमी आणि चाव्या तेराच्या आसपास असल्या तर जुनी सिंपल किंवा अल्बर्ट. तिची बोटं वेगळी, आजच्या शिकवणीत अडाल.

आता खरी परीक्षा, पेटीची. मागचं अंगठ्याचं भोक आणि पुढची डाव्या हाताची तीन भोकं झाकून फुंका. काळी पाच मिळाली तर बी फ्लॅट, पांढरी सहा मिळाली तर ए, पांढरी एक मिळाली तर सी. माझी दुसरी क्लॅरिनेट कशालाच लागेना. शिवाजी पेठेतल्या आमच्या भजनी मंडळात पेटीवाला काळी पाच धरायचा आणि मी तिच्या नि पांढरी सातच्या मधोमध लोंबकळायचो. शेवटी नावाखाली झिजलेलं 'एच. पी.' दिसलं, म्हणजे हाय पिच. आज ए, म्हणजे पांढरी सहा, सेकंदाला 440 कंपनांवर लावतात, ही 452 च्या आसपासची. ब्रिटिश लष्करी बँड 1920 च्या दशकाअखेरपर्यंत याच पट्टीत वाजत. बॅरल, म्हणजे तोंडाखालचा आखूड तुकडा, ओढून ती उतरवायला गेलात तर काही सूर पडतात, काही चढेच राहतात. दिसायला देखणी आहे, भिंतीवर टांगलीय.

एवढं झालं की नाव वाचा. 'बूसी अँड हॉक्स' असेल तर वाद्य 1930 नंतरचं, कारण दोन्ही कंपन्या त्या वर्षी एक झाल्या. 'एव्हेट अँड शेफर' बघून नाक मुरडू नका, ते बुफे क्राँपों या नामांकित फ्रेंच कंपनीचंच घराणं.

डब्याचं अस्तरही चाचपा. तिसरीच्या अस्तराखाली मला घडी घातलेली चिठ्ठी सापडली: 'जयसिंगपूर, सुपारी 151, जेवण त्यांच्याकडं.'