मोठ्या टाकीत पाणी दुधाळ, मासे वर येऊन धापा टाकतात: माझा अनुभव

गप्पी आणि कोरीडोरास (तळाशी राहणारे छोटे मासे) ३ × १ × १.५ फुटी नव्या टाकीत (भरून सव्वाशे लिटर) हलवले. लगेच पाणी दुधाळ झालं, मासे पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करू लागले.

पाणी नितळ करणारं औषध, जादा एअर पंप, अख्खं पाणी बदलणं, कशानेच फरक पडेना. वैताग आला. टेस्ट किटवर अमोनिया (माशांच्या घाणीतून तयार होणारं विष) १ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक भाग, दिसला तेव्हा उलगडा झाला. अमोनिया पचवणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, फिल्टरच्या स्पंजवर वसतात. नवा स्पंज कोरा होता.

लागू पडलेला क्रम असा. आधी खाणं बंद (दोन दिवस माशांना काही होत नाही). मग निम्मं पाणी काढून, क्लोरीन काढून टाकलेलं, तितक्याच तापमानाचं पाणी हळूहळू भरलं. जुन्या टाकीतला चालू स्पंज टाकीच्याच पाण्यात हलका पिळून नव्या फिल्टरमध्ये घातला. नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात. सुकूही द्यायचा नाही. त्यानंतर रोज टेस्ट, आणि अमोनिया किंवा नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात ते, तेही विषारी) दिसलं की एक तृतीयांश पाणी बदल. दोन्ही शून्यावर टिकेपर्यंत नवा मासा नाही.

नंतर कोरीडोरासचा थवा सहाचा केला. एंजल मासा नको, गप्पीची पिल्लं गट्ट करतो. गोल्डफिश तर नाहीच: त्याला थंड पाणी लागतं, घाणही भरपूर करतो.