ऑटिस्टिक मुलाच्या शाळेत जाताना: आवक-जावकवाल्या बापाचा सल्ला

मी नागपुरात एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलवर बसतो. दिवसभर लोकांचे अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा. ज्या अर्जात नेमकं काय पाहिजे ते लिहिलेलं असतं, तो पुढे सरकतो. "योग्य ती कार्यवाही व्हावी"वाला फाइलीत झोपतो. शाळेतही तेच. "आमच्या पोराला जरा सांभाळून घ्या मॅडम" म्हटलं की मॅडम हो म्हणतात, मनापासूनच म्हणतात. पण गच्च भरलेल्या वर्गात सांभाळून घ्यायचं म्हणजे करायचं काय, हे त्यांना कोण सांगणार?

तेव्हा मागणी अशी करा, जी बाईंना उद्या सकाळी करता येईल.

माझा ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलगा चौथीत असताना मार्चमध्ये डायरीत शेरा आला: वर्गात लक्ष नाही, कानात बोटं घालून बसतो. लक्ष राहावं म्हणून बाईंनी त्याला पहिल्या बाकावर घेतलं होतं, आणि पहिल्या बाकाला लागून खिडकीत कूलर. आता नागपुरात मार्चमध्ये कूलर बंद करा म्हणायची सोय आहे का बाप्पा? बायकोनं चार ओळी लिहून दिल्या: कूलरच्या घरघरीचा त्याला त्रास होतो, भिंतीकडच्या तिसऱ्या बाकावर बसवावं, तोंडी दिलेली सूचना फळ्यावरही लिहावी. बाक बदलला, बोटं कानातून निघाली. गणित अजून कच्चंच आहे, ते सोडा.

असं नेमकं मागायचं तर आधी आठवडाभर टिपण ठेवा. कधी बिघडलं, त्याच्या आधी काय झालं, किती वेळात शांत झाला. प्रार्थनेचा भोंगा, मधल्या सुट्टीतला गोंधळ, न सांगता बदललेला तास, पंधरा ऑगस्टच्या आधीची लेझीम, यातलं काहीतरी बहुतेक सापडतंच. थेरपिस्टचा जाडजूड रिपोर्ट शाळेत कोणी पूर्ण वाचत नाही. त्यातल्या कामाच्या तीन ओळी त्यांच्याकडूनच सोप्या मराठीत लिहून घ्या.

मग एक पान करा, एकच. वर मुलाला काय आवडतं ते. आमच्या पानावर पहिली ओळ होती: विदर्भ एक्स्प्रेसचे थांबे क्रमाने पाठ आहेत. बाईंनी त्यावरून भूगोल सुरू केला, आम्ही सुचवलंही नव्हतं. त्याखाली तो चिडण्याआधी कसा दिसतो आणि तेव्हा काय करावं. शेवटी मागण्या, तीनपेक्षा जास्त नको. दहा मागितल्या की एकही होत नाही.

भेट आधी वर्गशिक्षिकेची, शाळा सुटल्यावर, वेळ ठरवून. थेट मुख्याध्यापकांकडे गेलात तर बाईंना ती तक्रार वाटते. सोबत घरातलं एखादं थंड डोक्याचं माणूस न्या. आमच्याकडे ते काम माझी बहीण करते, कारण मी लवकर तापतो. त्याच दिवशी ठरलेलं सगळं पत्रात लिहून शाळेच्या ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. पोच नसलेलं पत्र म्हणजे दिलंच नाही असं समजा. महिन्याभराने त्याच पत्रावर पुन्हा बसा: काय झालं, काय नाही.

कायदा पहिल्याच भेटीत काढू नका, पण माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये ऑटिझम आहे. मान्यताप्राप्त खासगी शाळाही कलम 16 मध्ये येते: भेदभाव न करता प्रवेश आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय. "आमच्याकडे अशी मुलं घेत नाही" असं कोणी म्हटलं तर शांतपणे म्हणा, "हेच लिहून द्या." सहसा देत नाहीत. शाळेत काम होत नसेल तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. जिल्हा शिक्षण कार्यालयात या मुलांच्या प्रवेशासाठी आणि सोयींसाठी नोडल अधिकारी असावा, असं याच कायद्याचे 2017 चे नियम सांगतात. त्यापुढे पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय. मी तिथवर गेलो नाही, पोचवाल्या पत्रांवरच भागलं.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढायला मात्र टाळाटाळ नको. "पोराला शिक्का बसेल" असं नातेवाईक म्हणतात, म्हणू द्या. दहावीला जादा वेळ, लेखनिक मागायची वेळ येते तेव्हा प्रमाणपत्र लागतं, आणि ते ऐनवेळी हातात पडत नाही.

शाळेनं शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त आपल्या मुलाजवळ बसणारी मदतनीस, ठेवा म्हटलं तर लगेच मान डोलवू नका. ती मदतनीस कोणत्या तासाला लागणार, काय करणार, पैसे कोण देणार, हळूहळू कमी कशी होणार, हे आधी विचारा. दिवसभर चिकटून बसणारी बाई मिळाली की वर्गातली बाई मुलाशी बोलणंच सोडते, हे मी एका ओळखीच्या घरी पाहिलं.

आणि वर्ग बदलला की बाई बदलतात. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते, तेव्हा शाळा सुरू व्हायच्या आधीच नव्या बाईंना पंधरा मिनिटं मागा, मुलाला रिकामा वर्ग आणि त्याचा बाक दाखवून आणा. पान नव्यानं लिहा. मागच्या वर्षीची मागणी या वर्षी लागेलच असं नाही. आणि हो, कूलर कोणत्या खिडकीत आहे ते तेव्हाच बघून घ्या.